पाठमोऱ्या खुर्च्या

सरांच्या शर्टाच्या खिशात शिट्टी असायची आणि शिट्टीला खेटून दुधाची डिग्री बघायची काचेची नळी. मैदानावर ते पळायला लागले की दोन्हींची टकटक ऐकू यायची. शिट्टी ते क्वचितच वाजवत. "शिट्टी हवालदारानं वाजवायची," असं त्यांचं मत होतं. नळी मात्र सारखी बाहेर निघायची. ती दुधात सोडली की दुधात पाणी किती घातलंय ते कळतं, एवढं मला ठाऊक होतं. सॉफ्टबॉलच्या मैदानावर तिचं काय काम, हे कळायला बराच काळ जावा लागला. कळलं तेव्हा ते पाणी माझंच निघालं.

सर गवळ्याच्या घरातले आणि कोल्हापुरातल्या एका शाळेत खेळाचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन्ही उद्योग एका जागी आणले. शाळेच्या मागच्या मैदानावर संध्याकाळी मुलींचा सॉफ्टबॉल, आणि त्याच मैदानाच्या कोपऱ्यात करंजाच्या झाडाखाली म्हशी. सराव संपला की पोरी हात धुऊन रांगेत उभ्या राहत आणि सर डोळ्यांदेखत धार काढून एकेकीच्या हातात फेसाळ दुधाचा पेला देत. आमच्या गावात कट्ट्यावर उभं राहून असं धारोष्ण दूध प्यायची रीतच आहे, त्यामुळे याचं कुणाला नवल नव्हतं. नवल होतं ते खुर्च्यांचं.

मैदानाच्या कडेला, कंपाउंडच्या भिंतीलगत, पालकांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. सगळ्या खुर्च्यांची तोंडं भिंतीकडे. पहिल्या दिवशी मला वाटलं, झाडूवाल्यानं चुकून उलट्या ठेवल्या असतील. मी माझी फिरवून मैदानाकडे केली आणि बसलो. मैदानाच्या पार पलीकडून आवाज आला.

"ओ पावणं! खुर्ची हाय तशी ठेवा. तोंड भिंतीकडं."

"पण सर, खेळ मागं चाललाय."

"म्हणून तर!"

मी खुर्ची फिरवली. बाकीचे पालक आधीच भिंतीकडे बघत बसले होते, लग्नात फोटो काढताना बसतात तसे ताठ. भिंतीवर एका क्लासची जुनी जाहिरात रंगवलेली होती. 'यशाची हमी' असं कधीकाळी लिहिलेलं असावं. पावसानं 'यशाची' धुऊन नेलं होतं आणि फक्त 'हमी' राहिली होती. माझ्या शेजारी राजारामपुरीतले एक दातांचे डॉक्टर बसत. ते हळूच म्हणाले, "सवय होते. मी इथं आल्यापासून हीच हमी बघतोय."

खरोखरच सवय झाली. सॉफ्टबॉलचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा. तो हात खालून फिरवून टाकतात, आणि मारणारीनं पहिला, दुसरा, तिसरा असे बेस गाठत पुन्हा मारायच्या जागी, म्हणजे होमवर, पोचलं की एक रन. बेस सोडून असताना अंगाला चेंडू लावला की आउट. हे सगळं आम्ही पाठीनं बघायला शिकलो. चेंडू ग्लोव्हमध्ये गेला की थप्प. बॅटवर बसला की टण्ण. आमच्या रांगेत भांड्यांचे एक व्यापारी होते, जैन कुटुंबातले, अत्यंत सौम्य. त्यांना आवाजावरून चेंडू बॅटला कुठं लागला ते कळायचं. "हा कडेला लागला. पोचा पडलेल्या पातेल्याचा नाद आहे," असं ते डोळे मिटून सांगत आणि ते बरोबर असायचं. डॉक्टर आणि शेठ यांच्यात झेल सुटला की घेतला यावर वाद होत. मागं वळून खात्री करायची सोय नसल्यानं ते वाद मिटतच नसत.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. अपराधी वाटायला मला फारसं कारण लागत नाही. सिग्नलला मागच्या रिक्षानं दुसऱ्याच कुणाला हॉर्न दिला तरी मी हात वर करून माफी मागतो. नोकरी मात्र नेमकी उलटी. कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी तयार कास्टिंग तपासतो. कुठं भोक आहे, कुठं तडा आहे, कुठं वाळू चिकटून राहिली आहे, ते शोधायचं आणि माल बाजूला काढायचा. दोष सापडला की दिवस सार्थकी लागला. सरांनी हे ऐकलं तेव्हापासून मी त्यांचा 'इन्स्पेक्टर' झालो, आणि 'तुम्ही'चा 'तू' झालो.

माझी मुलगी तनू आधी आमच्या बिल्डिंगमागं रविवारी खेळायची. प्लॅस्टिकची बॅट, बेस म्हणून चपला, आणि नियम ज्या पोरीचा आवाज मोठा तिचे. तनूची एक खोड होती. आउट झाली की ती हसायची. साधं हसणं नव्हे. उकिडवी बसायची, दोन्ही हातांनी जमीन बडवायची आणि श्वास लागेपर्यंत हसायची. त्यामुळे तिला आउट करायला सगळ्या पोरींना आवडायचं. पण ती मारायचीही जोरात. तिचा चेंडू तिसऱ्या मजल्यावरच्या वाळवणात पडला त्या दिवशी माझ्या डोक्यात स्पर्धा शिरली. जिल्हा, विभाग, राज्य, मग दहावीचे वाढीव गुण. बायको म्हणाली, "अहो, खेळू दे की तिला अशीच." मी म्हणालो, "अशीच म्हणजे कशी? वाया जाईल."

आधी तिला गावातल्या दुसऱ्या एका क्लबात नेलं. तिथले प्रशिक्षक म्हणाले, "टॅलेंट आहे, पण सिरियसनेस नाही. हे हसणं बंद करून आणा." मी मान डोलावून परत आलो आणि मग कुणीतरी सरांचं नाव सांगितलं.

सरांनी प्रवेशाला काही खेळवलं नाही. तनूला जवळ बोलावलं आणि विचारलं, "नाव काय गं तुजं?"

तनूनं माझ्याकडं बघितलं.

सरांनी खिशातली नळी काढली आणि उजेडाला धरली. आत काहीच नव्हतं. "लागलं की पाणी," ते म्हणाले.

"काय झालं सर?"

"नाव तिचं, आन बघत्या तुमच्याकडं. दूध चांगलं हाय. फॅट बी दिसतंय. पण घरात कोन तरी पाणी घालतंय."

मग त्यांनी एकाएकी तनूकडं चेंडू फेकला. तिच्या हातातून तो निसटला, पोटावर आपटला, आणि ती उकिडवी बसून हसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र गुडघ्यावर हात ठेवून, वाकून तिच्याकडं बघत राहिले. वासरू पहिल्यांदा उभं राहताना बघावं तसं.

"ही निरशी हाय, बिनपाण्याची," ते म्हणाले. "घेतो मी. पण ध्यानात ठेवा, पावणं. ही आउट झाल्यावर हसत्या तवर माझी. हसायची थांबली की घरला न्यायची. भेसळीचा माल मी ठेवत न्हाय."

सरांचं सगळंच बरोबर असायचं असं मुळीच नाही. चेंडू टाकणाऱ्या पोरींच्या बोटांत ताकद यावी म्हणून त्यांनी त्यांना महिनाभर धारा काढायला लावल्या. बोटांत ताकद आली की नाही माहीत नाही, पण सगळ्यांचे अंगठे सुजले, सहामाहीच्या पेपरात अक्षर वाचता येईना आणि आया भांडायला आल्या. चेंडू बॅटनं हळूच टेकवून पळायचा एक डाव या खेळात असतो. साऱ्या जगात तो चालतो. सरांना तो चोरटेपणा वाटे. "मारायचं तर मार. टेकवून पळतीस काय? उधारी बुडवल्यागत!" या तत्त्वापायी त्यांचा संघ कितीतरी सामने हकनाक हरला. पंचांना ते 'पावणं' म्हणत आणि निर्णय विरुद्ध गेला की त्यांच्या हातात दुधाचा पेला देत. ही लाच आहे की टोमणा, हे कुठल्याच पंचाला ठरवता आलं नाही.

पण आम्हाला भिंतीकडं का बसवता, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. तेव्हा ते धारेची चरवी घासत होते. म्हणाले, "म्हैस धारंला उभी असली आन समोर परका मानूस टक लावून बसला, तर पान्हा चोरत्या ती. पोरगी बी तशीच."

"पण सर, आम्ही परके कुठं?"

"बघाय लागला की परकाच," सर म्हणाले आणि चरवी उपडी घातली.

तनू सरांकडे रुळली. तिचा मार मोठा झाला. शेठ डोळे मिटून म्हणायचे, "हा तुमचा. कांस्याच्या ताटाचा नाद." तसतसं माझं बिघडत गेलं. चौदा वर्षांखालच्या जिल्हा संघाची निवड जवळ येत होती. खेळ दिसत नव्हता तरी मी आवाजावरून दोष काढायला लागलो. जेवताना हातात उलथनं घेऊन दाखवायचो. "तनू, कोपर. कोपर खाली पडतो तुझा." ती भाताचा घास तोंडाशी नेई आणि मी म्हणे, "आत्तासुद्धा बघ, खाली आहे." बायको म्हणायची, "अहो, भात खातीये ती, सॉफ्टबॉल नाही." गाडीवरून येता-जाता माझं कोपरपुराण चालूच. तनू आधी "हां पप्पा" म्हणायची. मग नुसतं "हं." मग तेही नाही.

एका संध्याकाळी भिंतीकडं बघत बसलेलो असताना मागून थप्प असा आवाज आला. मग सरांची हाळी, "आउट!" मी सवयीनं पुढच्या आवाजाची वाट बघायला लागलो. तो आलाच नाही. तनू हसली नव्हती. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "बरी आहे ना मुलगी?" शेठनी डोळे उघडले. मी 'हमी'कडं बघत राहिलो. माझ्या कारखान्यात आतून पोकळ असलेलं कास्टिंग ठोकलं की असाच बद्द आवाज येतो आणि मी ते बाजूला काढतो. इथं बाजूला कुणाला काढायचं, हेही मला कळत होतं.

सर येऊन माझ्या आणि भिंतीच्या मधे उभे राहिले.

"इन्स्पेक्टर. घरात काय घालतोयस?"

"काही नाही सर. थोडं गायडन्स."

"त्येच ते."

मी हात जोडले. निवड तोंडावर आली आहे, आत्ता काढू नका, असं काहीबाही बोललो. सरांनी ते संपू दिलं.

"पोरीला का काढू? तिचा काय गुन्हा? आठ दिस तिला घरात ऱ्हाऊ दे. सरावाला तू ये."

"मी? मी काय करू?"

"चिमणीला आणायची."

चिमणी ही त्यांची सगळ्यात मोठी म्हैस. तिच्या सावलीत तीन पोरी बसून डबा खात. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मोटरसायकलमागं पळवतात. दोर नाही, काठी नाही, नुसत्या मालकाच्या हाकेवर म्हैस गर्दीतून धावत येते. चिमणी त्यातली नावाजलेली. माझं काम एवढंच होतं की मैदानाच्या या टोकाला उभं राहून तिला त्या टोकाच्या झाडाखालून माझ्याकडं बोलवायचं. शब्द वापरायचा नाही. सरांची हाक जिभेनं आणि घशानं काढलेली होती, "हुर्रर्र, हॅ हॅ हॅऽऽ" अशी काहीतरी. ती लिहिता येत नाही.

मी कारखान्यातून सुटून येई आणि मैदानात उभा राहून हाका मारी. चिमणी रवंथ करत दुसरीकडं बघे. पोरी सराव करता करता मला बघत. आता मीच मैदानावर होतो आणि बघायला सगळ्या मोकळ्या होत्या.

"हाक मारतोयस का नोटीस काढतोयस?" सर ओरडायचे. "तिला वाटतंय तू तिचं शिंग तपासाय बोलवाय लागलायस!"

मी घरी बाथरूममध्ये सराव केला. बायकोनं दार वाजवून विचारलं, "अहो, उलटी होतीये का?" कारखान्यात एकदा नकळत तोंडातून निघाली, तर क्रेनवाला क्रेन थांबवून खाली बघायला लागला. तनू मात्र दाराआडून ऐकत असे. एकदा म्हणाली, "पप्पा, तुझा कोपर खाली आहे." तिच्या आईला हसू आवरेना. तनू हसली नाही, फक्त बोलली. पण बोलली तरी.

शेवटी एका दिवशी मी हाक मारता मारता मागं सरकलो आणि शेणावरून घसरून बसकण मारली. ऑफिसची पँट, इस्त्री केलेली. सगळं मैदान बघत होतं. आता यापुढं बिघडण्यासारखं काही उरलं नाही असं वाटलं आणि मला हसू आलं. हसता हसता घशातून जी हाक निघाली ती मी काढलेलीच नव्हती. चिमणीनं मान वळवली. मग ती निघाली. एवढं धूड आपल्या रोखानं पळत येताना बघायला काळीज लागतं, ते मला नव्हतं, पण उठायलाही वेळ नव्हता. ती येऊन थांबली आणि तिनं ओलं नाक माझ्या कपाळाला लावलं.

"आली बग," सर म्हणाले. "उद्या पोरीला आन."

सर आता कोल्हापुरात नाहीत. थोरल्या लेकीकडं, नृसिंहवाडीच्या बाजूला राहायला गेलेत. म्हशी भाच्यांनी नेल्या. मैदानाला आता जाळी आहे, दिवे आहेत, आणि पालकांसाठी मैदानाकडं तोंड केलेल्या पायऱ्या आहेत. तिथं बसून पालक इतक्या सूचना देतात की पंचांचा आवाज ऐकू येत नाही. तनू अजून खेळते. मी गेलोच तर वरच्या पायरीवर बसतो आणि पार्किंगकडं तोंड करतो. नवे पालक मला वेडा समजतात. सरांनाही समजतच होते.

पण निवडीच्या सामन्याचं सांगायचं राहिलं.

सामना आमच्याच मैदानावर होता. निवड समितीचे तिघे मैदानाकडं तोंड करून बसले, ते सरांना मोठ्या मुश्किलीनं पटलं. पाहुण्या संघाच्या पालकांनाही त्यांनी भिंतीकडं बसवलं. त्यात एका आईनं पर्समधून पावडरची डबी काढली आणि झाकणाच्या आरशात मागचं बघायला लागली. सर तिच्यामागं जाऊन उभे राहिले. "वैनी, तोंड झ्याक हाय. आरसा आत ठेवा."

तनू आठवडाभर सरावाला येत होती, पण आउट झाल्यावरचं ते हसणं काही परतलं नव्हतं. मी घरात कोपर हा शब्द उच्चारला नव्हता. सर रोज नळी काढून उजेडाला धरत आणि परत खिशात ठेवत. मला कळत होतं की आज जिल्हा संघात नाव लागलं आणि हसू आलं नाही, तर उद्या सर तिला माझ्या हाती देणार. नियम म्हणजे नियम.

शेवटचा डाव. आमच्या दोघी आउट, तिसरी गेली की डाव संपला, आणि बरोबरीला एक रन कमी. मागून टण्ण असा आवाज आला. शेठ डोळे मिटून पुटपुटले, "कांसं." पावलं धावली. पोरी किंचाळल्या. डॉक्टर म्हणाले, "तिसऱ्या बेसवर थांबली वाटतं." तनू तिसऱ्यावर होती. आता कुणीतरी मारायचं आणि तिनं होमवर यायचं, एवढंच उरलं होतं. मैदानाकडं सूचना द्यायची बंदी होती आणि सांगायला माझ्याकडं काही नव्हतंच. पण छातीत जे दाटलं होतं ते घशातून बाहेर पडलं.

"हुर्रर्र, हॅ हॅ हॅऽऽ!"

चिमणीचा दोर कोपऱ्यातल्या झाडाला नुसताच अडकवलेला असायचा. तिला बांधायची कधी गरजच पडत नसे.

आधी जमीन हादरल्यासारखी झाली. मग "अगं बाईऽऽ!" मग खुर्च्या पडल्या, कारण सगळे पालक एकदम वळले. मी वळलो नाही. नियम होता म्हणून असेल, किंवा आपण काय करून बसलोय ते कळलं होतं म्हणून. डॉक्टर माझा खांदा धरून सांगायला लागले, "तुमची म्हैस दुसऱ्या बेसवरून आली! तिथली पोरगी पळाली! चेंडू टाकणारी खाली बसली! म्हैस होमवरनं गेली हो! पंच निवड समितीच्या टेबलावर चढलेत!"

"तनू?" मी भिंतीला विचारलं.

डॉक्टरांनी सांगायची गरज उरली नाही. मागून हसणं ऐकू आलं. जमीन बडवल्याचे आवाज, आणि मधे मधे श्वास घ्यायला थांबल्यावर येणारी ती बारीक शीळ.

"बेस सोडून बसलीये," डॉक्टर म्हणाले. "उठायलाच तयार नाही. अहो, त्यांची होममागची कॅचर चेंडू घेऊन चाललीये तिच्याकडं. लावला! चेंडू लावला तिला!"

घाबरलेल्या पंचांनी खेळ थांबवल्याची खूण केलीच नव्हती. टेबलावरून उतरून त्यांनी तनूला आउट दिलं. सामना गेला. सर हरकत घेऊ शकले असते. नियमात म्हैस कुठंच नाही, भांडायला हवी तेवढी जागा होती. त्यांनी पंचांच्या हातात दुधाचा पेला दिला, एवढंच. निवड समितीनं संध्याकाळी नावं वाचली, त्यात तनूचं नव्हतं. पुढच्या वर्षी लागलं, पण ते मागाहून.

हा गोंधळ चालू असताना मी भिंतीकडंच बघत बसलो होतो. मानेवर गरम श्वास लागला आणि मग ओलं नाक. चिमणी माझ्या हाकेवर आली होती आणि मला गाठेपर्यंत थांबली नव्हती. तिच्यामागून पावलं आली.

"पप्पा! मी आउट झाले! म्हशीमुळं!" तनूला बोलताना धाप लागत होती. "बघितलंस काय?"

"नाही," मी म्हणालो. "ऐकलं."

सरांची टकटक जवळ आली. नळी खिशातून निघाल्याचा आवाज, मग परत आत गेल्याचा. "वळ आता, इन्स्पेक्टर."

मी वळलो. तनूच्या केसांत माती होती, गुडघे धुळीनं भरलेले, आणि ती चिमणीच्या शिंगाला धरून अजून हसत होती. माझ्या तोंडात एक वाक्य आलं. शेवटचा मार कांशाचा होता खरा, पण थोडा आत दबलेला होता. कोपर. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

सर माझ्या गळ्याकडं बघत होते.

"गिळलंस?"

"गिळलं, सर."

"मग वर दूध पी."